पिल्लू जेवत नाहीये? भांड्याकडे नंतर बघा, आधी पिल्लाकडे बघा

पिल्लाने किंवा वर्षभराच्या आतल्या कुत्र्याने जेवण सोडलं की घरात एकच धावपळ सुरू होते. एकजण हातात विकतच्या कोरड्या खाण्याचे दाणे घेऊन मागे मागे फिरतो, दुसरा फ्रीज उघडून काय काय काढत बसतो, तिसरा मोबाईलवर शोधतो आणि कुत्रं मधोमध बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत असतं. या सगळ्या गडबडीत मुख्य प्रश्न राहूनच जातो, तो म्हणजे याला खायचं नाहीये, की याला खाता येत नाहीये? कारण दोन्हीचे उपाय एकदम उलटे आहेत. आजारी पिल्लाला "भूक लागली की खाईल गप" म्हणून सोडलं तर जिवावर बेतू शकतं, आणि ठणठणीत पण नखरेल पिल्लाला रोज नवीन काहीतरी चारत गेलात तर तो नखरा पुढची दहा-बारा वर्षं तुमच्या गळ्यात.

म्हणून खाली मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहिलंय. मधलं सोडून थेट "काय खायला घालू" वर उडी मारू नका, तो भाग मुद्दाम शेवटाकडे ठेवलाय.

आधी हे बघा: लगेच पळायचं का?

जेवण सोडलंय आणि सोबत खालचं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरला फोन करा आणि निघा:

- पुन्हा पुन्हा उलट्या, किंवा जुलाब, त्यातून रक्त पडत असेल तर अजिबात थांबू नका
- ओकारी काढतंय पण बाहेर काहीच येत नाही आणि पोट फुगलंय (मोठ्या, खोल छातीच्या जातींमध्ये पोटाला पीळ पडतो, तो काही तासांत जीव घेतो)
- लटपटतंय, थरथरतंय, हाक मारली तरी बघत नाही, फिट येतेय
- हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा एकदम लालबुंद
- पाणीसुद्धा पीत नाही, किंवा प्यायलेलं पाणी लगेच बाहेर
- मोजा, दोरी, खेळण्याचा तुकडा, चॉकलेट, कुणाची गोळी, उंदराचं औषध असं काही गिळल्याची नुसती शंका जरी असली तरी

यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबून बोलायला हवं कारण यांनी पिल्लाचा जीव पटकन जाऊ शकतो.

पहिली म्हणजे पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा आजार. ज्या पिल्लांचा लसीचा कोर्स पूर्ण झालेला नाही, साधारण ६ आठवडे ते ६ महिने वयाची, त्यांना सगळ्यात जास्त धोका. विषाणू शरीरात गेल्यापासून साधारण ३ ते ७ दिवसांत लक्षणं दिसतात आणि सुरुवात अगदी साधी असते, पिल्लू गप्प गप्प बसतं, जेवणाला तोंड लावत नाही, एवढंच, मग उलट्या आणि मग तो ठराविक घाण वासाचा, बऱ्याचदा रक्ताचा जुलाब. उपचार वेळेत सुरू झाले तर बरीच पिल्लं वाचतात, न केले तर बहुतेक दगावतात, त्यामुळे "उद्या सकाळी बघू" इथे चालत नाही. आणि "एक लस झालीये ना" हे पुरेसं नाही, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसींना आडवी येते म्हणूनच ते डोस दर २ ते ४ आठवड्यांनी पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यायचे असतात. दवाखान्यात जायच्या आधी फोनवर "पार्व्होची शंका आहे" असं सांगा आणि पिल्लाला तिथे जमिनीवर सोडू नका, हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि शेजारी लसीला आलेलं दुसरं पिल्लू असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे साखर उतरणं. अगदी छोट्या जातींची पिल्लं, खास करून ४ महिन्यांच्या आतली, त्यांच्या अंगात साठाच नसतो, एक-दोन जेवणं चुकली तरी रक्तातली साखर खाली जाते. पिल्लू ढिलं पडतं, चालताना झोकांड्या जातात, नजर शून्यात लागते. अशावेळी बोटावर थोडा मध किंवा साखरेचा घट्ट पाक घेऊन हिरड्यांना चोळायचा, तोंडात ओतायचा नाही कारण अर्धवट शुद्धीत असलेलं पिल्लू ते श्वासनलिकेत ओढून घेतं, मग उबदार कपड्यात गुंडाळून दवाखाना गाठायचा. मध चोळल्यावर दहा मिनिटांत उड्या मारायला लागलं तरी जायचं, कारण साखर पुन्हा उतरते आणि मुळात ते जेवलं का नाही ते कळलेलंच नसतं.

वरचं काहीच नाही, मग किती वेळ थांबू शकतो?

वयावर आहे. छोट्या जातीचं, ३-४ महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर लागोपाठ दोन जेवणं चुकली की फोन करा. बाकी ४ महिन्यांच्या आतल्या पिल्लांना साधारण १२ तास. त्यापुढचं वर्षभराच्या आतलं कुत्रं, खेळतंय, पाणी पितंय, शी-शू नॉर्मल, तर एक दिवस बघायला हरकत नाही, २४ तासांत काहीच पोटात गेलं नाही तर दाखवा. पण मरगळलेलं असेल तर हे तास विसरा. तासांपेक्षा त्याचा मूड जास्त सांगतो, दाराची बेल वाजल्यावर नेहमी धावणारं पिल्लू जागचं हललं नाही तर मी घड्याळ बघत बसणार नाही.

घरच्या घरी तपासणी

याला पाच-सात मिनिटं लागतात आणि डॉक्टरला फोन केल्यावर ते हेच विचारतात.

हिरड्या. ओठ वर करा, रंग गुलाबी हवा आणि बोट लावल्यावर ओलसर गुळगुळीत लागायला हव्यात. चिकट, कोरड्या लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. बोटाने दाबून सोडा, पांढरा झालेला ठिपका २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. मानेमागची कातडी उचलून सोडायची युक्ती सगळे सांगतात, पण लहान आणि हडकुळ्या पिल्लांमध्ये ती फसवते, हिरड्यांवर जास्त विश्वास ठेवा.

ताप. नाक गरम, नाक कोरडं यावरून काहीही कळत नाही, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा, एकाने पिल्लाला धरा आणि दुसऱ्याने शेपटी वर करून गुदद्वारात हलक्या हाताने थोडंसं आत घाला. ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. आपल्या हिशोबाने हा ताप वाटतो पण त्यांचं नॉर्मल तेवढंच असतं. १०३ च्या वर गेला तर फोन करा, १०४ ला थेट निघा, आणि ९९ च्या खाली असेल तर तेही तेवढंच वाईट. आणि हो, तो थर्मामीटर कुत्र्याचाच म्हणून वेगळा ठेवा, नावाची पट्टी लावून.

अंग. कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या खाली गोचीड आहेत का ते चाचपा. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात जेवण सुटणं हे बऱ्याचदा पहिलं लक्षण असतं. पोट हलक्या हाताने दाबून बघा, कण्हलं, वळून बघितलं, पोट कडक केलं तर दुखतंय. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर अशा अवस्थेत बराच वेळ उभं राहत असेल तरी पोटदुखी समजा (तीच पोज खेळायला बोलावतानाही घेतात, पण तेव्हा शेपटी हलत असते आणि क्षणात उडी मारतात, फरक कळतो).

शी. शेवटची कधी केली, कशी होती, त्यात शेवयांसारखे जंत किंवा भाताच्या शितासारखे तुकडे दिसले का. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या दिसतायत असं असेल तर जंतांचा दाट संशय घ्या. जंताचं औषध पिल्लांना २ आठवड्यांच्या वयापासून, सुरुवातीला दर १५ दिवसांनी आणि मग ६ महिन्यांपर्यंत साधारण महिन्याने देतात, ते वेळापत्रक चुकलंय का ते कार्डावर बघा. डोस वजनावर असतो त्यामुळे अंदाजाने देऊ नका.

खायचंय पण खाता येत नाही

हे ओळखायला आपण भांडं ठेवून निघून जायचं नाही, बाजूला बसून शांतपणे बघायचं. पिल्लू धावत येतं, हुंगतं, एक दाणा उचलतं, चावायला जातं आणि तोंडातून टाकून देतं, किंवा मान एका बाजूला वाकडी करून एकाच बाजूने चावतं, किंवा पंज्याने तोंड खाजवतं. अशा पिल्लाला भूक आहे, दुखणं तोंडात आहे. तोंड उघडून टाळूकडे बघा. काड्या चावायची सवय असलेल्या पिल्लांमध्ये काडीचा किंवा हाडाचा तुकडा वरच्या दोन्ही दाढांच्या मध्ये टाळूला आडवा अडकून बसतो, बाहेरून काही दिसत नाही, फक्त लाळ गळते आणि तोंडाला वास येतो. सहज निघत असेल तर काढा, ओढाताण करू नका. जिभेखाली दोरा गुंडाळलेला दिसला तर तो कधीही ओढायचा नाही, दुसरं टोक आतड्यात असू शकतं आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं.

मळमळ वेगळी दिसते आणि ती खूप जणांच्या लक्षात येत नाही. पिल्लू भांड्याजवळ येतं, वास घेतं, ओठ चाटतं, दोनदा आवंढा गिळतं आणि तोंड फिरवून लांब जाऊन बसतं. लाळ जास्त सुटलेली असते, गवत खायला धावतं. याला आपण "नखरे करतंय" म्हणतो आणि आणखी चमचमीत काहीतरी पुढे करतो, आणि नेमकं तेच पुढे त्रासाचं होतं कारण मळमळत असताना खाल्लेल्या पदार्थाची कुत्र्याला कायमची शिसारी बसू शकते. मळमळ दिसली तर भांडं उचला, नुसतं पाणी ठेवा, डॉक्टरशी बोला. जबरदस्तीने सिरिंजने भरवणं तर अजिबात नको, अन्न फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो आणि मग मूळ दुखणं बाजूलाच राहतं.

आजार नाही, पण कारण आहे

यातली बरीच कारणं आपोआप जातात, फक्त ती ओळखता यायला हवीत.

दात: ३-४ महिन्यांपासून दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि ६-७ महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. या काळात हिरड्या सुजतात, कोरडे दाणे चावायला नको वाटतं, खेळण्यावर थोडंसं रक्त दिसतं, कधी छोटा दात जमिनीवर सापडतो. दाणे कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवा, ओला केलेला स्वच्छ फडका फ्रीजरमध्ये गार करून चघळायला द्या (तुमच्या समोरच, फडका गिळणारी पिल्लं असतात). जेवण कमी होतं पण पूर्ण बंद पडत नाही, पूर्ण बंद असेल तर दातांच्या नावावर खपवू नका.

लस: टोचल्यावर एक-दोन दिवस सुस्ती आणि कमी भूक चालते. तोंड सुजलं, उलट्या, धाप लागली तर ती रिअॅक्शन आहे, लगेच परत जा.

नवीन घर: आई-भावंडं सोडून आलेलं पिल्लू पहिले एक-दोन दिवस नीट खात नाही. जिथून आणलं तिथे जे खात होतं तेच, त्याच ब्रँडचं पहिले काही दिवस द्या, घर बदललं, माणसं बदलली, त्यात जेवणही बदललं तर पोट बिघडणारच. आणि पाहुण्यांना आठवडाभर येऊ नका म्हणून सांगा, हे आपल्याकडून होत नाही पण सांगायला हवं. जेवणाची जागा घराच्या वर्दळीत असेल, फरशी घसरत असेल, पट्ट्याचा बिल्ला स्टीलच्या भांड्यावर आपटून खणखणत असेल, शेजारी दुसरं मोठं कुत्रं उभं असेल, तर बुजरं पिल्लू तिथे जातच नाही. खाली रबरी मॅट, उथळ भांडं आणि शांत कोपरा एवढ्यावर काही पिल्लं सरळ होतात.

गरमी: उन्हाच्या दिवसांत भूक कमी होतेच, जेवण पहाटे आणि रात्री उशिरा द्या.

वयात येणं: मादी साधारण ६ ते १२ महिन्यांत पहिल्यांदा हीटवर, म्हणजे माजावर, येते (मोठ्या जातींत आणखी उशिरा), त्या आसपास भूक वर-खाली होते. नर असेल आणि आसपास कुठे मादी हीटवर असेल तर तो दारात हुंगत रडत बसतो आणि जेवणाकडे ढुंकूनही बघत नाही. पण मादीची हीट होऊन काही आठवडे झालेत, जेवण सुटलंय, पाणी खूप पितेय, खालून घाण स्राव येतोय, किंवा स्राव नसला तरी मलूल आहे, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि ते त्याच दिवशी दाखवायचं प्रकरण आहे.

खरंच कमी खातंय का?

"जेवतच नाही" म्हणून आणलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं वजन उत्तम असतं. कारण सोपं आहे, पिल्लू झपाट्याने वाढतं तेव्हा त्याला भरपूर लागतं, वाढ मंदावली की गरज उतरते आणि आपल्या डोक्यात मात्र तीन महिन्यांचा असतानाचा वाडगा असतो. हिशोब करून बघा, साध्या कॅल्क्युलेटरवर होतो: किलोतलं वजन तीनदा आपसात गुणायचं, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणायचं. ५ किलोसाठी ५ गुणिले ५ गुणिले ५ म्हणजे १२५, दोनदा वर्गमूळ म्हणजे ३.३४, गुणिले ७० म्हणजे २३४. ही नुसतं पडून राहायला लागणारी कॅलरी. ४ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या तिप्पट, म्हणजे ७०० च्या आसपास, त्यापुढच्या वाढत्या पिल्लाला दुप्पट, म्हणजे ४७०, आणि वाढ पूर्ण झालेल्या, नसबंदी केलेल्या कुत्र्याला १.६ पट, म्हणजे ३७५. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या कुत्र्याला जवळपास निम्मंच लागतं! हे आकडे अंदाजाचे आहेत, कुत्र्यागणिक फरक पडतो, पण दिशा कळते.

आता दुसरी बाजू. दिवसभराच्या कॅलरीतला खाऊ १० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. ४७० मधले १० टक्के म्हणजे ४७. दात साफ करायची एक चघळकांडी ७०-८० कॅलरीची सहज असू शकते, म्हणजे एका कांडीतच कोटा संपला. एका ओळखीच्या घरी "हा दिवसभर काही खात नाही" म्हणून सगळे हवालदिल होते, मी म्हटलं एक दिवस फ्रीजवर कागद लावा आणि ज्याने जे दिलं ते लिहा. संध्याकाळपर्यंत कागद भरला. आजी चहाबरोबर बिस्किट, मुलगा शाळेतून आल्यावर चीज, बाबा ऑफिसातून आल्यावर कांडी, ट्रेनिंगचे तुकडे वेगळे, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच थोडंसं देतोय. तो पठ्ठ्या उपाशी नव्हता, भांड्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याचं पोट भरत होतं. हा कागदाचा प्रयोग सगळ्यांनी करा, त्यातून घरात भांडणं होतात ती झेला.

शरीर बघायची पद्धत: स्वतःची मूठ आवळून बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवरून हात फिरवा, कुत्र्याच्या बरगड्या तशा टोचत असतील तर ते बारीक आहे. हात पसरून पालथ्या पंज्याच्या हाडांवरून फिरवल्यावर जसं लागतं तसं लागलं तर बरोबर. तळव्यासारखं मऊ लागलं तर वजन जास्त आहे आणि तुम्ही उगाच काळजी करताय. वरून बघितल्यावर कंबर दिसायला हवी. आठवड्यातून एकदा वजन करा, आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकटं, आणि वजाबाकी. वाढत्या वयात वजन दर आठवड्याला वर जात असेल तर भांड्यात उरलेल्या दाण्यांवरून झोप उडवून घेऊ नका. वजन थांबलं किंवा उतरलं तर मात्र, पिल्लू कितीही उड्या मारत असू दे, दाखवा.

नखरे मोडायचे कसे

इथपर्यंत सगळं तपासून झालं, आजार नाही, वजन ठीक आहे, आणि कुत्रं भांड्याकडे बघून तुमच्याकडे बघतंय. हे आपण शिकवलेलं असतं. त्याने एकदा दाणे सोडले, आपण वर चिकन टाकलं. दुसऱ्या दिवशी चिकन वेचून खाल्लं आणि दाणे सोडले, आपण हाताने भरवलं. कुत्र्याच्या डोक्यात सरळ गणित बसतं की थांबलं की चांगलं मिळतं.

खालची पद्धत फक्त ४-५ महिन्यांच्या वरच्या, डॉक्टरने ठीक आहे म्हटलेल्या कुत्र्यासाठी आहे. छोट्या जातीच्या लहान पिल्लाला उपाशी ठेवून शिस्त लावायची नसते, का ते वर साखरेच्या भागात आलंच आहे.

जेवणाच्या वेळा ठरवा, ३ महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा, ३ ते ६ महिने ३ वेळा, पुढे २ वेळा. जेवणाआधी फिरवून आणा, खेळवा, मग अर्धा तास शांत होऊ द्या. भांडं ठेवा, १५ मिनिटं, आणि त्या १५ मिनिटांत त्याच्याशी बोलायचं नाही, "खा ना रे राजा" नाही, डोळ्यात बघायचं नाही, आपलं काम करा. पंधरा मिनिटांनी न खाल्लेलं उचला, न रागावता, पुढच्या जेवणाच्या वेळेपर्यंत काहीही नाही, पाणी कायम. पुढच्या वेळी तेवढंच, मागचं राहिलेलं मिळवून दुप्पट नाही. बहुतेक तरुण कुत्री एक-दोन दिवसांत सरळ होतात. पण पूर्ण २४ तास एक दाणाही पोटात गेला नाही तर हा नखरा नसेल असं धरून पुन्हा तपासणीकडे वळा.

ही पद्धत मोडते ती कुत्र्यामुळे मोडत नाही, घरातला जो सगळ्यात मऊ माणूस असतो त्याच्यामुळे मोडते. त्याला आधीच विश्वासात घ्या, किंवा भांडं ठेवायचं काम त्यालाच द्या, मग तो लपून काही देत नाही.

भांड्याचाच कंटाळा आलेल्या कुत्र्यांना दिवसाच्या कोट्यातले अर्धे दाणे ट्रेनिंगमध्ये द्या, बस-उठ-ये करताना एकेक. काही गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये विखरून टाका आणि शोधू द्या. शोधून खायला मिळालं की तेच बेचव वाटणारे दाणे एकदम भारी लागतात.

आणि आता काय खायला घालू

आधी आहे तेच अन्न बघा. बॅग कधी उघडली होती? उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपायला हवी, नंतर त्यातली चरबी खवट होते, आपल्याला कळत नाही पण त्यांच्या नाकाला कळतं. दाणे प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका, जुन्या चरबीचा थर डब्याला चिकटून नवे दाणेही बिघडतात. बॅगसकट डब्यात ठेवा.

मग कोमट करा. अन्न अंगाइतकं गरम, ३७-३८ सेल्सिअसच्या आसपास असेल तर वास सुटतो आणि कुत्रं आधी वासानेच जेवतं. मायक्रोवेव्हमध्ये केलंत तर ढवळून बोट घालून बघा, मध्येच एखादा भाग चटका बसेल इतका गरम असतो. भिजवलेलं किंवा ओलं अन्न तास-दीड तासाच्या वर बाहेर ठेवू नका.

अन्न बदलायचंच असेल तर ७ ते १० दिवसांत हळूहळू: पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. दर चार दिवसांनी नवीन ब्रँड आणला तर पोट बिघडतं, पोट बिघडलं की भूक जाते, आणि आपण पुन्हा नवीन ब्रँड आणतो.

पोट नाजूक असेल तर उकडलेलं बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन आणि मऊ भात, मीठ-तेल-मसाला काहीही न घालता, दोन-तीन दिवस चालतं. पण "हे आवडीने खातं" म्हणून महिनोन् महिने तेच चालू ठेवणारे लोक बघितलेत आणि इथे मी जरा कडक बोलणार. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य असतं. वाढत्या पिल्लाला ही दोन्ही साधारण बरोबरीने, किंवा कॅल्शियम थोडं जास्त लागतं. अन्नातून मिळालं नाही तर शरीर ते हाडांतून ओढून घेतं, हाडं आतून ठिसूळ होतात, पिल्लू लंगडायला लागतं आणि साध्या उडीत हाड मोडतं. म्हणून अंदाजाने कॅल्शियमची पावडर टाकणं हाही उपाय नाही, मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही सांध्यांना त्रास देतं. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरकडून नीट प्रमाण बसवून घ्या.

दूध नको, दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना लॅक्टोज (दुधातली साखर) नीट पचत नाही, जुलाब होतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही नको, पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचा. शिजवलेली हाडं नकोत. आणि आपल्या कपाटातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन "जरा ताप वाटतोय" म्हणून कधीच नाही. भूक वाढवणारं टॉनिकही स्वतःहून आणू नका, मूळ कारण झाकलं जातं.

डॉक्टरकडे जाताना

शेवटचं काय, कधी, किती खाल्लं, उलटी-शी किती वेळा, लसीचं कार्ड, जंताच्या औषधाची तारीख, अन्नाच्या बॅगचा फोटो, आणि शीचा ताजा नमुना छोट्या डबीत. उलटी किंवा विचित्र हालचाल दिसली तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, दवाखान्यात टेबलावर चढलं की कुत्रं हमखास शहाण्यासारखं वागतं. ते साखर, रक्त, शी तपासतील, पार्व्होची झटपट टेस्ट काही मिनिटांत होते, काही गिळल्याची शंका असेल तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी. मळमळीसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध बऱ्याचदा देतात. कुत्र्यांची भूक वाढवण्यासाठीच केलेलं कॅप्रोमोरेलिन हे औषधही आहे, अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, पण आधी कारण शोधायचं आणि मग भूक वाढवायची हा क्रम चांगले डॉक्टर सोडत नाहीत.

काही तरुण कुत्री मात्र कधीच नीट जेवत नाहीत, वयाच्या मानाने लहान राहतात, आणि जेवल्यावर उलट सुस्त, भ्रमिष्टासारखी होतात, भिंतीला डोकं टेकवून उभी राहतात. अशांमध्ये जन्मतःच यकृताला बगल देऊन जाणारी रक्तवाहिनी असू शकते, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्त घेऊन बाइल अॅसिडची टेस्ट करतात. दुसरा एक छुपा प्रकार म्हणजे अॅडिसन, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथी कमी काम करण्याचा आजार, यात भूक, उलट्या, अशक्तपणा येतो-जातो, सलाईन लावलं की दोन दिवसांत टवटवीत, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर सोडियम-पोटॅशियम तपासलंय का हे स्वतःहून विचारा.

भूक परत आली की लगेच भांडं भरू नका. एक-दोन दिवस उपाशी राहिलेल्या पिल्लाला पहिल्या दिवशी नेहमीच्या जेवणाचा पाव भाग दर ३-४ तासांनी, उलटी झाली नाही तर दुसऱ्या दिवशी अर्धा, आणि तीन-चार दिवसांत नेहमीचं नेहमीच्या वेळी. आजारपणात हाताने भरवलं असेल तर तो हात हळूहळू भांड्याच्या जवळ, मग भांड्यात न्या, आणि बरं झाल्यावर आठवड्याभरात काढून घ्या.